पहिली पालवी खोटी

लोकांना झाड हवं असतं, पानं नको असतात. सावली हवी, पण गाडीवर पक्ष्यांनी केलेली घाण नको. रोप लावताना हातात झारी धरून फोटो काढून घेणारी माणसंच चार-सहा वर्षांनी माझ्या टेबलासमोर येऊन विचारतात, "बाई, आमच्या कुंपणाची भिंत उचलली मुळांनी. हे झाड एवढं कुणाला विचारून वाढवलंत?" वाढवलंत म्हणे. जसं काही मी रोज त्याला मांडीवर घेऊन भरवत होते.

मी नगरपालिकेची उद्यान अधीक्षक. नाव भारदस्त आहे. मी आले तेव्हा गावात एक मोठी बाग आणि दोन चौक होते. मग गाव असं सुटलं की विचारू नका. आता जिथं तीन रस्ते भेटतात तिथं एक गोल, गोलात हिरवळ, हिरवळीत कारंजं आणि कारंज्यात पाणी नाही. दुभाजकात कुंड्या, पुलाच्या कठड्याला कुंड्या, दिव्याच्या खांबाला टांगलेल्या कुंड्या. पुलाखाली ऊन पोचत नाही, तिथंही "काहीतरी हिरवं करा" असा आदेश आला. मी वैतागून म्हटलं, मग हिरवा रंग लावा. तर खरंच लावला.

राहायला क्वार्टर आहे, त्या मोठ्या बागेतच, मधोमध. ऐकणाऱ्याला वाटतं, काय नशीब काढलंय बाईनं. नशीब असं की सकाळी फिरायला येणारे सगळे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जातात. एक रिटायर्ड गृहस्थ तर जाता जाता सांगतात, "बाई, दूध उतू चाललंय." अंगणात कपडे वाळत घालायचे नाहीत, बागेची शोभा जाते, असं मला लेखी कळवलेलं आहे. संध्याकाळी बाग बंद करताना वॉचमन फाटकातून हाक मारतो, "बाई, आत आहात ना?" मी आतून "आहे" म्हटलं की मगच कुलूप लावतो. एकदा मी बाहेर राहिले होते, तेव्हापासून त्यानं हा नेम धरलाय. बिचाऱ्याच्या मनात चांगलंच आहे. पण रोज रोज स्वतःच्या तोंडानं "आत आहे" म्हणणं कसं वाटतं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

माझा नवरा इथं राहत नाही. तो दिवसभराच्या प्रवासाइतका लांब, आमच्या नर्सरीवर असतो. आम्ही दोघं एका वर्गातले, एकाच बाकावर बसून कलमं बांधायला शिकलो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती जमीन घेतली आणि नर्सरी सुरू केली. हाताशी चार पैसे असावेत म्हणून मी ही नोकरी धरली, दोन-तीन वर्षांसाठी. मुलगा शिकला, मोठा झाला, त्याच्या वाटेनं गेला, आणि मी अजून दोन-तीन वर्षांसाठीच इथं आहे.

यंदा नवऱ्याच्या गुडघ्यांनी संप केला. वाफ्याशी उकिडवं बसता येत नाही म्हणजे नर्सरीवाल्याचं सगळंच संपलं. फोनवर म्हणाला, "माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय बघ, कुणाची मंजुरी न घेता. तुझ्यापेक्षा हुशार निघाले." मी हसले. मग तो जरा थांबून म्हणाला, "शेजारच्या गोदामवाल्याला जमीन हवीय. तू येणार असशील तर दोघं मिळून रेटू, मी खुर्चीवर बसून कलमं बांधीन, तू वाफे बघ. नसशील येणार तर त्याला हो सांगतो. एकट्यानं नाही जमत आता." आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. गोदामवाला शनिवारी येणार होता.

मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज कधीच देऊन ठेवला होता. नाव स्वेच्छानिवृत्ती, पण इच्छा साहेबांची चालते. त्यांनी मंजूर केला तर पेन्शन, नाही तर नुसतंच हात हलवत घरी. आमचे मुख्याधिकारी वयानं माझ्या मुलापेक्षा थोडेसेच मोठे असतील. ओरडत नाहीत. ओरडणारा साहेब परवडला, त्याच्यावर उलट ओरडता तरी येतं. हे खुर्ची पुढे ओढतात, चहा मागवतात आणि म्हणतात, "मॅडम, तुमच्याशिवाय कोण आहे मला?" अशा माणसापुढे काय करायचं, सांगा.

त्यांचा माझ्यावर एवढा जीव जडला तो चिंचांमुळे. गावाच्या जुन्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोठाल्या चिंचा आहेत. कुणी लावल्या कुणास ठाऊक. दुपारी त्या रस्त्यावरून चाललं की डोक्यावर कापड घ्यावं लागत नाही, एवढं मला पुरे. तो रस्ता आता चौपदरी व्हायचाय. चिंचा तोडायच्या म्हटल्यावर लोक रस्त्यावर बसले. मग साहेबांच्या डोक्यात आलं, तोडायच्या कशाला, हलवू. मी सांगितलं, वड-पिंपळाचं ठीक आहे, त्यांची फांदी खोचली तरी जगते. चिंचेचं तसं नाही, तिचं मूळ खोल, आणि म्हातारी चिंच जागची हलली की रुसते. साहेब म्हणाले, "एक करून बघू. नमुना."

मग त्यांनी अट घातली, तीही गोड बोलून. नमुन्याची चिंच जगली तर रस्त्यावरच्या सगळ्या हलवायच्या, आणि ते काम माझ्या देखरेखीखाली होईल, तीन वर्षं तरी लागतील. नाही जगली तर विषय मिटला, लोकांना सांगता येईल की प्रयत्न केला. झाडं तोडायची, आणि मॅडम मोकळ्या. "दोन्हीकडून तुमचा मानच आहे," असंही वर म्हणाले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा तो मान.

रस्त्याच्या तोंडाशी असलेली पहिली चिंच मी निवडली. काम मात्र मी चोख केलं, त्यात कसूर नाही. आधी बुंध्याभोवती चर खणून मुळं छाटली, चरात खतमाती भरली, थांबले. मग फांद्या उतरवल्या, मुळांचा मातीसकट गड्डा गोणपाटात बांधला, खोडावर उत्तर बाजूला चुन्याची खूण केली. झाड नव्या जागी लावताना ती खूण पुन्हा उत्तरेलाच यायला हवी, म्हणजे ज्या बाजूनं जन्मभर ऊन खाल्लं त्याच बाजूनं पुन्हा मिळतं. हे क्रेनवाल्याला नीट समजावून सांगितलं होतं. आणि मी पाण्याचा टँकर बघायला जरा वळले तेवढ्यात त्यानं झाड खड्ड्यात उतरवून मोकळं केलं. खूण दक्षिणेला, थेट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. मी कपाळावर हात मारला. तो म्हणाला, "खूण म्हणजे झाडाचं तोंड ना बाई? म्हटलं, तुमच्याकडे तोंड असू दे."

गड्डा सुटत आला होता, पुन्हा उचलला असता तर सगळी माती गळून पडली असती. राहू दिलं. जागा साहेबांनीच ठरवली होती, बागेत मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी. सगळ्यांना म्हणजे मला. सकाळी खिडकी उघडली की समोर ते गोणपाट गुंडाळलेलं, हात तोडल्यासारखं खोड. खिडकीतून पूर्वी लांबचा डोंगर दिसायचा थोडासा. तोही गेला.

झाडाला पाणी घालायचं काम मुकादमाकडे होतं. त्याला सगळे मामा म्हणतात. मामांना प्रत्येक झाड जगणार असंच वाटतं. विजेच्या खांबाला आळं करून द्या, त्यालाही पाणी घालून "जगणार" म्हणतील. त्यांच्या जगणाऱ्या झाडांची लाकडं मीच लिलावात काढलीत. रोज संध्याकाळी नळी गुंडाळताना ते माझ्या खिडकीकडे बघून म्हणायचे, "बाई, जगणार." मी म्हणायचे, "हो मामा."

उन्हाळा लागला आणि चिंचेला पालवी फुटली. खोडाला चिकटून बारीक, लालसर, लुसलुशीत तुरे. गावभर बोभाटा झाला. लोक पोरांना घेऊन बघायला आले. साहेबांनी खोडाला हात लावून फोटो काढला, तो पेपरात आला. मला फोन करून म्हणाले, "मॅडम, जादू आहे तुमच्या हातात."

जादू कसली डोंबलाची. आमच्या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात, हलवलेल्या झाडाची पहिली पालवी खोटी. खोडात आधीचं अन्न साठलेलं असतं, त्यावर झाड फुटतं. खाली मुळांचा पत्ता नसतो. बघणारा टाळ्या वाजवतो, आणि ऊन तापलं की पालवी करपते आणि झाड उभ्या उभ्या वाळून जातं. मरताना शिलकीतलं सगळं खर्चून टाकल्यासारखं. त्यात आमचं झाड तर उलट तोंडानं लावलेलं.

मी नवऱ्याला फोटो पाठवला. त्यानं लगेच फोन केला. "पहिली का?"

"पहिलीच."

"मग गेलं."

"गेलं म्हणूनच समज. चिंच आहे, शिवाय उलटी लावलीय."

"म्हणजे येतेस तू?"

"शुक्रवारी साहेब आणि इंजिनिअर बघायला येणार आहेत. मी सांगते मेलंय म्हणून. सोमवारी निघते. गोदामवाल्याला नाही म्हणून टाक."

तो इतका हसला, इतका हसला, की मला आमचं कॉलेज आठवलं. म्हणाला, तुझ्यासाठी मागच्या खोलीला रंग काढतो, नवीन वाफ्यांवर सावलीची जाळी टाकून घेतो, खुर्चीवर बसून कलमं बांधण्यात माझा हात कुणी धरणार नाही बघ. मीही हसत होते. फोन ठेवल्यावर खिडकीतून ते झाड दिसलं आणि मला कसंसंच झालं. जन्मभर झाडं लावणारी आम्ही दोन माणसं, आणि एक झाड मेलं म्हणून सण असल्यासारखं हसत होतो. पण कसंसं झालं ते तेवढ्यापुरतंच. त्या आठवड्यात मी ट्रंक काढून साड्या भरायला घेतल्या. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी खिडकीतून दूध उतू चाललंय म्हणून सांगितलं तर मला राग आला नाही.

गुरुवारी दुपारी बागेत कुणी नव्हतं. म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, उद्या साहेबांना मुळंच दाखवावीत. काळी पडलेली, कुजलेली मुळं बघितली की फाटे फोडायला जागा राहणार नाही. खुरपं घेऊन गेले आणि गड्ड्याच्या कडेला, चुन्याच्या खुणेखाली, माती उकरायला बसले.

गोणपाट कुजून भुगा झालं होतं. त्याच्या आत छाटलेल्या जाड मुळाचं टोक लागलं. ते कडक होतं, कुजलेलं नव्हतं. अजून थोडं उकरलं. मग खुरपं ठेवलं, बोटांनीच माती बाजूला केली.

एक मूळ होतं. दोऱ्याएवढं, पांढरंशुभ्र, टोकाशी किंचित पिवळसर. गोणपाटातून बाहेर पडून नव्या मातीत शिरलं होतं. त्याच्या शेजारी दुसरं. मी जरा बाजूला उकरलं तर तिथंही दोन-तीन. ताज्या मुळाला एक वास असतो, ओल्या मातीपेक्षा वेगळा, कच्च्या शेंगेसारखा. तो वास आला आणि मला कळलं की माझं काय झालंय.

मला त्या मुळाचा राग आला. अगदी मनापासून. एवढी शहाणी चिंच, उलटी लावलेली, मामांनी पाण्यात बुडवलेली, आणि तिला यंदाच जगायचं होतं. माझ्या अंगठ्याचं नख त्या मुळाला टेकलेलं होतं. वाफ्यातली दाट रोपं विरळ करताना याच नखानं मी हजारो कोवळी मुळं तोडलीत, तेव्हा मनात काहीच येत नाही. आताही कुणाला कळणार नव्हतं. तेवढीही गरज नव्हती. पालवी खोटी आहे एवढंच बोलायचं, आणि पाणी बंद करायला सांगायचं. बाकीचं काम ऊन करेल. रस्त्यावरच्या चिंचा तर तशाही मरणारच होत्या, नाहीतर हलवताना अर्ध्या मरतील. त्यांच्यासाठी मी का मरू?

बराच वेळ बसले. मग माती परत सारली, हातानं दाबली, झारीनं थोडं पाणी घातलं. पाणी घातलं तेव्हाही मी ठरवलं होतं की उद्या मेलंय म्हणून सांगायचं. हात आपलं काम करत होते, डोकं आपलं.

शुक्रवारी सकाळी साहेब आले. बरोबर इंजिनिअर. हे रस्त्याचं काम बघतात, झाडांशी त्यांचं वैर नाही, पण प्रेमही नाही. साहेब फोनवर बोलत मागे राहिले तेवढ्यात इंजिनिअर मला म्हणाले, "मॅडम, मेलंय म्हणा बरं का. तुम्हीही सुटाल, मीही सुटेन."

मी म्हटलं, "तेच म्हणणार आहे."

साहेब झाडापाशी आले. पालवीकडे कौतुकानं बघितलं, मग माझ्याकडे. "मग मॅडम? काय म्हणतंय आपलं झाड?"

माझ्याआधी मामाच बोलले. नळी खांद्यावर होती. "साहेब, जगणार."

इंजिनिअर हसले. साहेबही हसले. मामांचं "जगणार" गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला कवडीची किंमत नाही. मामा ओशाळून माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या लक्षात आलं की आता मला खोटं बोलायचीसुद्धा गरज उरलेली नाही. खरं बोलून झालं होतं, आणि ते कुणी मानलं नव्हतं. मी फक्त गप्प राहायचं होतं.

"मॅडम?"

मी चुन्याच्या खुणेखाली बसले, कालची माती बाजूला केली आणि सरकले. साहेब वाकले. त्यांना आधी काही दिसेना. मी बोटानं दाखवलं. इंजिनिअरनी सुस्कारा टाकला आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले. मामा खाली बसले, त्या मुळाकडे बघत राहिले, आणि एकदाही जगणार म्हणाले नाहीत. जन्मात पहिल्यांदा त्यांचं खरं झालं होतं, तर त्यांची जीभच उचलेना.

मी चांगली आहे म्हणून असं केलं, असं कुणी म्हणू नका. मला जमलंच नाही, एवढंच. जिवंत मूळ बघून मेलंय म्हणायचं, तर मला दुसरी कुणीतरी बाई व्हावं लागलं असतं, आणि ती बाई नर्सरीत जाऊन काय करणार होती?

साहेब खरोखर खूश झाले. त्यांच्यात कपट नाही. म्हणाले, "म्हणजे तुम्ही आहात आता. तो अर्ज मी बाजूला ठेवतो. तीन वर्षं काही फार नाहीत, मॅडम."

"झाडाला नाहीत," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

फोन करायला संध्याकाळपर्यंत धीर झाला नाही. क्वार्टरच्या पायरीवर बसून केला. तो उचलताच म्हणाला, "खोलीला रंग दिला बघ. पिवळा. तुला आवडेल न आवडेल, आता झालाय."

मी म्हटलं, "अरे, ती जगलीय."

पलीकडे त्याच्या पंपाचा आवाज येत होता. मग त्यानं विचारलं, "मूळ बघितलंस?"

"बघितलं."

"पांढरं?"

"पांढरं. गोणपाटाच्या बाहेर आलंय."

"कुठल्या बाजूला?"

"खुणेच्या. उलट लागलेल्या बाजूला."

"अरे वा," तो म्हणाला, आणि खरंच वाटून म्हणाला, तेवढं मला कळतं. "चिंच उलटी लावून जगली. आपल्या कॉलेजच्या सरांना सांगायला हवं होतं, खोटं म्हणाले असते." मग पुन्हा पंपाचा आवाज. "पाणी बेतानं घालायला सांग. तुझा तो मामा बुडवून मारेल तिला."

"सांगते."

"मग मी त्याला उद्या हो सांगतो."

मला म्हणायचं होतं, नको सांगूस, मी सगळं टाकून येते, पेन्शन गेली खड्ड्यात. तोंड उघडलंही. समोर चिंच उभी होती, तिच्यामागे रस्त्यावरच्या सगळ्या चिंचा होत्या, आणि मी गेले तर त्या क्रेनवालाच आपल्या मनानं उपटणार हे मला माहीत होतं. तोही ते जाणून होता, म्हणून त्यानं विचारलंच नाही. "रंगाचं राहू दे," एवढंच म्हणाला. "गोदामवाला काय, भिंतीच पाडणार." आणि फोन ठेवला.

मी तिथंच बसून राहिले. मामा नळी गुंडाळून निघून गेले होते. फाटकाशी साखळी वाजली आणि वॉचमननं नेहमीसारखी हाक मारली, "बाई, आत आहात ना?"

त्यानं थोडं थांबून पुन्हा विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "लाव."